वाघाची शिफ्ट कोणती?

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. त्यांपैकी पावसाचं जंगल म्हणावं असं एकच, चांदोलीचं. आणि ते पावसाळ्यात बंद असतं. लग्नाच्या हॉलने ऐन मुहूर्ताच्या दिवसांत कुलूप लावावं, तसा हा प्रकार. पण कारण चोख आहे. वारणा नदी जिथून निघते त्या पाथरपुंजच्या परिसरात काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मग दरवर्षी वर्तमानपत्रांतून चेरापुंजीशी तुलना होते. त्या पावसात तांबड्या मातीचा रस्ता ओढा होतो, ओढा नदी होतो आणि गाडीचं काय होतं ते गॅरेजवालाच सांगू शकतो. वनरक्षक तेव्हाही जंगलात गस्त घालतात, पण पायी. बाकीच्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरी बसून कांदाभजी खावीत, अशी सरकारची अपेक्षा असते.

उमरोळीतल्या माणसाला हे पटत नाही. पालघर आणि बोईसर यांच्या मधलं हे स्टेशन. एका अंगाला कोळगावात जिल्ह्याचं नवं मुख्यालय, दुसऱ्या अंगाला तारापूरची एमआयडीसी आणि त्यापलीकडे १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र. पावसाचं इथे कौतुक नाही, कारण तो न मागता अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतोच. रुळांवर पाणी आलं की डहाणू लोकल बंद पडते, आणि लोकल बंद पडली की घरात अडकलेल्या माणसाला फिरायला जायची इच्छा होते. जुलैच्या अशाच एखाद्या दुपारी घरच्या ग्रुपवर कोणीतरी हिरव्यागार जंगलाचा फोटो टाकतो. खाली लगेच सतरा अंगठे उठतात. कोणीतरी ‘जाऊया’ लिहितो. उद्यान बंद आहे, हे ऑगस्टमध्ये कळतं. मग ‘दिवाळीनंतर बघू’ ठरतं आणि, आश्चर्य म्हणजे, दिवाळीनंतर खरोखरच बघितलं जातं.

पश्चिम रेल्वेवरच्या माणसाची राष्ट्रीय उद्यानाची कल्पना बोरिवलीत तयार झालेली असते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. संजय गांधी उद्यान स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर आहे. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, आत कान्हेरीची लेणी, आणि २०२१ च्या तौक्ते वादळात मोडण्याआधी ‘वनराणी’ नावाची छोटी आगगाडी. शिवाय तिकीट काढून जाळीच्या बसमध्ये बसलं की कुंपणातला वाघ आणि सिंह दिसणार म्हणजे दिसणारच. पैसे दिले, वाघ पाहिला, बाहेर येऊन वडापाव खाल्ला, सहाची गाडी पकडली. लहानपणी ज्याने असं उद्यान पाहिलं, त्याला वाघ ही तिकिटात मिळणारी वस्तू वाटली तर दोष त्याचा नाही.

चांदोलीला जायचं म्हणजे मात्र गाडी हवी. उमरोळीपासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि शेवटच्या टप्प्यात एसटी असली तरी आत जंगलात एसटी जात नाही. त्यामुळे सात सीटांची गाडी ठरते. त्यात नऊ माणसं बसतात. दोन मुलं मोजायची नसतात. काका स्टिअरिंगवर, कारण गाडी त्यांची आणि हप्ताही त्यांचा. पुढच्या सीटवर भावोजी, कारण ते मोबाईलवर नकाशा बघतात आणि नकाशा जे सांगतो त्याच्या विरुद्ध सल्ला देतात. मधल्या ओळीत आत्या, काकू आणि खाण्याच्या पिशव्या. मागे तरुण पिढी, जिचे गुडघे कानापर्यंत आलेले असतात आणि कानांत इअरफोन असतात.

पिशव्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. जंगलात काही मिळत नाही, या एका वाक्यावर मराठी कुटुंब महिनाभराचं रेशन गाडीत भरू शकतं. चिवडा, चकल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळ्यांचा अख्खा घड. आणि किनाऱ्याजवळचं घर असल्यामुळे सातपाटीचे सुके बोंबील, वर्तमानपत्राच्या तीन घड्या आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. बोंबलाला या पाचही आवरणांची फिकीर नसते. मनोर येण्याआधीच गाडीत कळतं की बोंबील कुठे ठेवले आहेत. जंगली जनावराचं नाक माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, हे लक्षात घेतलं तर ही मंडळी कोणत्या दिवशी पोचणार याची खबर चांदोलीतल्या अस्वलांना कराडपासूनच लागत असावी.

मनोरला जायचा रस्ता वाघोबा घाटातून जातो. पालघर सोडलं की काही मिनिटांतच काळदुर्गाच्या कुशीतलं हे वळण येतं आणि तिथे वाघोबाचं देवस्थान आहे. पावसाळ्यात बाजूला धबधबा, बारा महिने माकडं. गाड्या थांबतात, नारळ फुटतो, माकडं आपला वाटा वसूल करतात.

या देवाला हलक्यात घेऊ नये. वारल्यांचा वाघोबा म्हणजे वाघही आणि बिबट्याही. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला, शेंदूर फासलेला, सोबत बहुधा सूर्य-चंद्र. वाघबारशीला त्याची पूजा होते, त्याला त्याचा मान दिला जातो आणि त्या बदल्यात त्याने गुराढोरांना आणि माणसांना सांभाळायचं, असा जुना करार आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वन्यजीव संशोधकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात वाघोबाची दीडशे देवस्थानं नोंदवली. म्हणजे जिथे आज इमारतींची नावं ‘टायगर हाइट्स’ ठेवण्याइतपतच वाघ उरला आहे, तिथेही त्याच्याशी केलेला करार लोक अजून पाळतात.

आता या देवासमोर उमरोळीची गाडी थांबते. आत्या उतरतात, हात जोडतात आणि मोठ्याने म्हणतात, “देवा, वाघ दिसू दे.” पिढ्यान् पिढ्या ज्या देवाकडे वाघ येऊ नये म्हणून अर्ज आले, त्याच्याकडे हा अगदी उलटा अर्ज. तोही दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीतला. देवाने तो कोणत्या टेबलावर पाठवायचा?

पुढचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही, कारण तो सगळ्यांनी केलेला आहे. घोडबंदरला गाडी उभी राहते, एक्स्प्रेसवेवर धावते, फूड मॉलवर पुन्हा उभी राहते. घरची दशमी डिकीत असताना बाहेरचा वडा महाग का घेतला यावर खंबाटकी घाटापर्यंत चर्चा चालते. साताऱ्याला कंदी पेढे घेतले जातात, ‘परत येताना घेऊ’ असं ठरलेलं असूनही. मग पेठ नाक्याला महामार्ग सोडला की नागपंचमीचं शिराळा लागतं, कोकरूड लागतं आणि रस्ता वारणेच्या काठाकाठाने अरुंद होत जातो.

याच टापूत बिळाशी आहे. १९३० साली इथल्या गावकऱ्यांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडून तिरंगा उभारला होता. शालेय पुस्तकात ज्याला जंगल सत्याग्रह म्हणतात त्यातलाच हा एक. ज्या जंगलात जाऊ दिलं जात नाही म्हणून शेतकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्या जंगलात शिरायला आता उमरोळीहून माणसं पैसे भरून येतात. मागच्या सीटवरच्या तरुण पिढीला हे सांगितलं तर ती एक इअरफोन काढते, “हं” म्हणते आणि परत घालते. त्या “हं”मध्ये आदर असतो, असं मानायला हरकत नाही.

मणदूरला पोचेपर्यंत मोबाईलची रेंज गेलेली असते. भावोजींच्या अधिकाराचा शेवट तिथे होतो. वन विभागाच्या नाक्यावर माणसांची नावं, गाडीचा नंबर, शुल्क, पिशव्यांची तपासणी, आणि सोबत गावातला गाईड. या नाक्यावर ‘नऊ माणसं’ हा आकडा पहिल्यांदा अधिकृत कागदावर येतो. काका गाईडला विचारतात, “आत किती बघण्यासारखं आहे?” गाईड सांगतो की उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्यातला पर्यटकांना मोकळा असलेला भाग छोटा. काकांच्या चेहऱ्यावर, घाऊक दराने पैसे घेऊन किरकोळ माल दाखवणाऱ्या दुकानदाराकडे बघतात तसे भाव येतात.

कागदोपत्री चांदोलीचा थाट मोठा आहे. १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयना अभयारण्याला जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा या एका जंगलात येऊन मिळतात. आणि पायथ्याशी वारणेवरचं मातीचं धरण, ३४.४० टीएमसीचं. खालच्या पट्ट्यातला ऊस या जंगलाच्या जिवावर उभा आहे. साखर खाणारा प्रत्येक माणूस थोडाफार चांदोलीला गेलेलाच असतो.

नाका मागे पडतो आणि गाडी आत शिरते. आत्या काच वर करतात, कारण धूळ. एसी चालू होतो, कारण काच वर आहे. स्पीकर चालू होतो, कारण एसीच्या आवाजात करमत नाही. अशा रीतीने मुंबई-पुणे रस्त्यावर जे होतं ते सगळं व्यवस्थित आत आणलं जातं. गाईड पहिल्याच वळणावर तीन गोष्टी बंद करायला सांगतो आणि चौथी, म्हणजे बोलणं, हळू करायला सांगतो. चौथी गोष्ट अमलात यायला अर्धा तास लागतो.

मग सुरू होतं हिरवं. जांभूळ, अंजनी, हिरडा, फणस, आंबा, मधेच कारवीचं रान. वर झाडांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले की उन्हाला खाली यायला जागा शोधावी लागते. दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. माहितीपटात ड्रोन वर उडतो आणि खाली हिरवा समुद्र पसरतो. काकांची गाडी उडत नसल्यामुळे त्यांना त्या समुद्राचा तळ दिसतो. वीस मिनिटांनी धाकटा पुतण्या विचारतो, “जंगल कधी येणार?”

या प्रश्नावर हसण्याआधी थोडं थांबायला हवं. टीव्हीवरचं आणि ताडोब्याचं जंगल ज्याच्या डोक्यात आहे त्याला चांदोली हे जंगल वाटत नाही, याला कारण आहे. ताडोबा, १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, हे साग-बांबूचं कोरडं रान. उन्हाळ्यात पानं झडतात, लांबवर दिसतं, पाणवठे मोजके उरतात आणि वाघाला पाण्यावर यावंच लागतं. पर्यटकांच्या गाड्या तिथेच त्याची वाट बघत असतात. चांदोलीत ही सोय नाही. इथे झाडी बारा महिने दाट, पाणी जागोजागी, आणि एखाद्या ठरलेल्या ठिकाणी येण्याचं वाघावर कसलंच बंधन नाही. शिवाय वाघ मुळात मोजके. मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ आला तेव्हा ती मोठी बातमी झाली. पुढची मोठी बातमी डिसेंबर २०२३ ची. दोन बातम्यांमध्ये साडेपाच वर्षांचं अंतर असलेल्या प्राण्याला दोन तासांच्या फेरीत गाठण्याचा उमरोळीकरांचा बेत धाडसी म्हणायला हवा.

तरी प्रश्न आलाच. तारापूरच्या कारखान्यात ज्यांची हयात पाळ्यांमध्ये गेली, त्या काकांनी तो त्यांच्या पद्धतीने विचारला.

“वाघ जनरल शिफ्टला असतो की नाइटला?”

गाईडने क्षणभरही विचार केला नाही. “नाइटलाच असतुया, काका. आन् ओव्हरटाइम घेत न्हाई.”

काकांना उत्तर पूर्ण पटलं. जंगलाबद्दल त्यांना त्या दिवशी जे काही समजलं, त्यात हे पहिलं.

झोळंबीच्या सड्यावर आल्यावर झाडी एकदम मागे सरते. काळ्या-तांबड्या कातळाचं पठार, त्यावर वाळत चाललेलं गवत. आणि गवतात, रस्त्यापासून शंभर पावलांवर, काळी जनावरं. “म्हशी,” आत्यांनी जाहीर केलं. “एवढ्या लांब कोण चारायला आणतं?” गाईड हळूच म्हणाला, “मावशी, पाय बघा. पांढरं मोजं.” गुडघ्यापासून खाली खरोखरच पांढरे पाय. गवे होते. नर गवा खांद्यापाशी सहा फुटांपर्यंत भरतो आणि वजन टनाच्या घरात जातं, म्हणजे तो आणि काकांची गाडी यांत काकांच्या गाडीने नम्र राहणं बरं. कळपातल्या एका थोराडाने मान वर केली आणि गाडीकडे बघितलं. नऊच्या नऊ माणसं एकाच वेळी गप्प झाली. ही त्या प्रवासातली पहिलीच वेळ.

गवे इथे का चरतात, हे विचारलं तर गोष्ट वेगळीच निघते. धरण आणि अभयारण्य यांच्यासाठी या डोंगरातली तीसहून अधिक गावं उठवली गेली. झोळंबी हे गावाचं नाव, सोनार्लीही गावाचंच. भाताची आणि नाचणीची खाचरं पडीक राहिली, त्यांवर गवत माजलं आणि गवत आलं तसे गवे आले. जोती, देवळं, पारावरचे आंबे तेवढे राहिले. रस्त्यात एका जागेला ‘जनीचा आंबा’ म्हणतात; गाव नसलं तरी आंबा अजून जनीचाच आहे. उठलेल्या माणसांनी मात्र जमिनी, पाणी आणि दाखले यांच्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, धरणं धरली. गवताळ पठारावर गवे दाखवताना गाईडचा आवाज थोडा उतरतो तो यामुळेही असेल. या परिसरातल्या कित्येक घरांत ‘आमचं शेत’ म्हणजे आता गव्याचं कुरण आहे.

परतीच्या वाटेवर जंगलाने हात सैल सोडला. आधी शेकरू. राज्याचा प्राणी म्हणून ज्याचं चित्र पुस्तकात असतं, ती तांबूस मोठी खार एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर अशी गेली की मधे जमीन आहे याची तिला गरजच वाटली नाही. नऊ मोबाईल वर उठले. नऊ फोटोंत पानं आली. एका फोटोत कोपऱ्यात शेपूट आहे, असं भावोजी अजूनही सांगतात.

मग धनेश. मलबारी राखी धनेश आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्याचं ओरडणं कोणीतरी विनोद नसताना खो-खो हसावं तसं असतं. विणीच्या दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि फटीएवढी जागा ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर फळं आणून तिला त्या फटीतून भरवतो. गाईडने हे सांगितल्यावर काकू गाडीत पहिल्यांदाच उठून बसल्या. पालघरपासून मधल्या सीटवरून पुढच्या सीटवर केळी, चकल्या आणि पाण्याच्या बाटल्या पोचवण्याचं काम त्यांनीच केलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त काकांकडे बघितलं. काका गिअर बदलण्यात गुंतले.

दाट झाडीतून कुठूनतरी शीळ आली. माणसाने घातल्यासारखी, सूर नीट न सापडलेल्या माणसाची. मागच्या सीटवरच्या मुलीने दोन्ही इअरफोन काढले. शीळ घालणारा पक्षी कस्तूर, शीळकरी कस्तूर, गाईड म्हणाला. तो ओढ्याकाठी असतो, निळसर काळा. दिसला नाही. गाडी बंद करून पाच मिनिटं ऐकला. त्या पाच मिनिटांत कोणी चकली खाल्ली नाही, कारण चकलीचा आवाज येतो.

पिसोरी, म्हणजे सशाएवढं हरीण, दिसली नाही. ती जेमतेम तीन किलोची आणि लाजाळू. अस्वल दिसलं नाही. बोंबलांनी आपलं काम केलं नसावं. वाघ अर्थातच दिसला नाही. पण गाईडने ओल्या मातीत ठसा दाखवला. काकांनी विचारलं, “वाघाचा?” तो म्हणाला, “रानकुत्र्याचा.” ठशाचा फोटो काढला गेला. दोन दिवसांनी उमरोळीच्या ग्रुपवर तो ‘वाघाचा ठसा’ म्हणून फिरत होता. पालघर, बोईसर, डहाणू करत तो आता कुठे पोचला असेल सांगता येत नाही.

तरीही वाघांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. राधानगरीच्या जंगलात कॅमेऱ्याने टिपलेला एक नर पुढे सह्याद्री प्रकल्पात दिसला. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि ते त्याने घाट, वस्त्या, रस्ते ओलांडत पायी कापलं. ना नकाशा, ना फूड मॉल. असे नर आले, पण मादीचा पत्ता नव्हता आणि नुसत्या नरांनी वंश वाढत नाही. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये वन विभागाने ताडोब्याहून एक वाघीण आणली. राज्याच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला. ती रस्त्याने, वाहनातून आली. थोडक्यात, या उद्यानाला मोटारीने भेट देणाऱ्यांत एक वाघीणही आहे, आणि तिचा प्रवास उमरोळीकरांपेक्षा दुपटीने लांबचा होता. तिला आधी सोनार्लीच्या कुंपणात ठेवलं, मग मोकळं सोडलं. दार उघडल्यावर ‘परत कधी निघायचं?’ असं न विचारणारी ती या रस्त्यावरची बहुधा पहिलीच प्रवासी.

उमरोळीची गाडी मात्र संध्याकाळी नाक्यातून बाहेर पडली. रेंज आली आणि भावोजींनी सूत्रं परत हातात घेतली. आत्यांनी निकाल दिला: “एवढ्या लांब येऊन म्हशी बघितल्या.” काकूंचा निकाल वेगळा होता, पण तो त्यांनी घरी गेल्यावर दिला आणि तो धनेशाशी संबंधित होता.

आता जायचंच असेल त्यांच्यासाठी. वाघ हवा तर चांदोलीच्या वाटेला जाऊ नका. ताडोब्याचं बुकिंग करा, उन्हाळ्यात करा आणि पाणवठ्यावर बसा. चांदोलीला जायचं तर दिवाळी ते मार्च, सात सीटांत सात माणसं, भडक टी-शर्ट आणि स्पीकर घरी. काचा खाली ठेवा, जमेल तिथे गाडी बंद करा आणि गाईडला गावाबद्दल विचारा. प्राण्यांपेक्षा तो त्यावर जास्त बोलेल. भर पावसातलं जंगल हवं असेल तर दूधसागरच्या भानगडीत पडू नका, कुळेहून धबधब्याला नेणाऱ्या जीपगाड्याही पावसाळ्यात बंद असतात. आंबोली गाठा. तिथे रात्री, टॉर्चच्या उजेडात, कातळावरच्या डबक्यांपाशी अंगठ्याएवढा पट्टेरी भेक बसलेला असतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली, नाव दिलं आंबोली टायगर टोड, आणि जगात तो आंबोलीच्या परिसराबाहेर आढळलेला नाही. अंगावर पट्टे आहेत, नाइट शिफ्ट आहे आणि पहिल्या पावसात तो हटकून भेटतो. फक्त तो रस्त्यावरही येऊन बसतो आणि दरवर्षी गाड्यांखाली मरतो. तेव्हा आंबोलीत पावसाळी रात्री गाडी हळू चालवा, आणि शक्य असेल तर ती हॉटेलपाशी उभी करून चालत निघा.